सगळं येणाऱ्या बायका आणि पाच खेळ

ऑगस्ट १९५० मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर युरोपीय ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा भरली, तेव्हा लोक मुख्यतः दोघांना पाहायला आले होते. एक चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक आणि दुसरी हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कोएन. दोघांनीही प्रेक्षकांची निराशा केली नाही. झाटोपेकने ५,००० आणि १०,००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. फॅनीने १०० मीटर, २०० मीटर आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत अशी तीन सुवर्णपदकं घेतली, वर रिलेचं रौप्यही. वर्तमानपत्रांची पानं या दोघांनीच भरली. त्याच आठवड्यात त्याच मैदानावर युरोपीय स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच महिलांची पेंटॅथलॉन झाली, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला मात्र त्या आठवड्यातली सगळ्यात मोलाची घटना तीच वाटते.

दोन दिवसांत पाच खेळ, असं तिचं स्वरूप. पहिल्या दिवशी गोळाफेक, उंच उडी आणि २०० मीटर धाव. दुसऱ्या दिवशी ८० मीटर अडथळ्यांची शर्यत आणि लांब उडी. ऐकायला सोपं वाटतं, पण हा क्रम नीट पाहायला हवा. गोळा चार किलोचा. तो लांब फेकायला खांद्यात, पाठीत, मांड्यांत ताकद लागते आणि ताकदीबरोबर वजन वाढतं. गोळाफेक आटोपली की हेच वजन घेऊन उंच उडीच्या दांडीवरून जायचं. आजच्यासारख्या फोमच्या जाड गाद्या तेव्हा नव्हत्या, उडी मारून खाली यायचं ते वाळूत. म्हणून बहुतेक जणी पायांवर किंवा पाय आणि हातांवर उतरता येईल अशाच पद्धतीने उडी मारत. दांडी खाली पडेपर्यंत उड्या चालूच राहतात, त्यामुळे जी जितकी चांगली, तिचे पाय तितके जास्त थकतात. त्याच थकल्या पायांनी संध्याकाळी २०० मीटर पळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग आखडलेलं असताना समोर आठ अडथळे. प्रत्येक अडथळा ७६ सेंटिमीटरच्या आसपास उंच, पहिला बारा मीटरवर, पुढचे आठ-आठ मीटरवर. दोन अडथळ्यांमध्ये बरोबर तीन पावलं बसली पाहिजेत. एक पाऊल चुकलं की सगळी लय जाते आणि आदल्या दिवशी मिळवलेले गुणही गमावल्यासारखेच. शेवटी लांब उडी. तिथे प्रयत्न तीनच, एरवीसारखे सहा नाहीत. तिन्ही फाउल झाले तर हाती शून्य.

ही पहिली पेंटॅथलॉन फ्रान्सच्या अर्लेत बेन हामोने जिंकली. तिचा जन्म ट्युनिशियातला आणि वय होतं अवघं वीस. तिचे ३,२०४ गुण झाले. ब्रिटनची बर्था क्राउदर ३,०४८ गुणांनी दुसरी आली आणि चेकोस्लोव्हाकियाची ओल्गा मॉद्राखोव्हा ३,०२६ गुणांनी तिसरी. पहिली आणि दुसरी यांच्यात दीडशेहून जास्त गुणांचं अंतर होतं, म्हणजे विजय निर्विवाद होता. तरी बेन हामोचं नाव आज फ्रान्सबाहेर फारसं कुणाला आठवत नाही. मैदानावर फॅनी नसती तर कदाचित आठवलं असतं.

फॅनी त्या पेंटॅथलॉनमध्ये उतरली नव्हती. तिच्या नावावर आधीच चार शर्यती होत्या आणि प्राथमिक फेऱ्या धरल्या तर तिला दम खायलाही वेळ नव्हता. पण ती उतरली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या वेळच्या जाणकारांना पडल्याशिवाय राहिला नसणार. कारण फॅनी मुळात केवळ धावपटू नव्हतीच.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तीस वर्षांची, दोन मुलांची आई. ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जॅक क्रम्प यांनी तिचं वय झाल्याचं लिहिलं होतं. तिने चार सुवर्णपदकं जिंकली आणि ॲमस्टरडॅमला परतल्यावर शेजाऱ्यांनी तिला सायकल भेट दिली, आता तरी इतकं धावू नकोस म्हणून. एक गोष्ट मात्र या कौतुकात मागे पडते. त्या वेळी उंच उडीचा जागतिक विक्रमही तिचाच होता, १.७१ मीटर. लांब उडीचाही तिचाच, ६.२५ मीटर. दोन्ही विक्रम तिने १९४३ मध्ये, जर्मन सैन्याच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये केले होते. लंडनमध्ये या दोन्ही उड्यांत तिने भागच घेतला नाही, कारण एका स्त्रीला वैयक्तिक स्पर्धा तीनच, अशी मर्यादा होती. अमेरिकेच्या ॲलिस कोचमनने उंच उडी १.६८ मीटरवर जिंकली. लांब उडीत हंगेरीच्या ओल्गा ग्यार्माटीची सुवर्णपदकाची उडी ५.७० मीटरही नव्हती. ज्या बाईला पळता येत होतं, अडथळे ओलांडता येत होते, उंच आणि लांब उड्यांत जगात तिच्यापुढे कुणी नव्हतं, तिला हे सगळं एकत्र दाखवण्याची सोय ऑलिंपिकमध्ये नव्हती. पुरुषांची दहा खेळांची डेकॅथलॉन मात्र १९१२ पासून सुरू होती.

लंडनमध्ये आणखी एक अशीच होती. फ्रान्सची मिशलिन ऑस्टरमेयर. ती व्यावसायिक पियानोवादक. पॅरिसच्या संगीत विद्यालयात शिकलेली, मैफली करणारी. लंडनमध्ये तिने थाळीफेकीचं सुवर्ण घेतलं, गोळाफेकीचं घेतलं आणि उंच उडीचं कांस्यपदकही. गोळाफेक आणि उंच उडी या दोहोंत एकाच ऑलिंपिकमध्ये एकाच व्यक्तीने पदकं जिंकावीत, हे आजच्या शिस्तबद्ध, वेगवेगळ्या तालमींच्या जमान्यात कल्पनेतही येत नाही. गोळाफेक जिंकल्यावर तिने फ्रेंच चमूच्या मुक्कामी बेथोव्हेन वाजवला. ब्रुसेल्सलाही ती होती. तिथे गोळाफेक आणि ८० मीटर अडथळे या दोहोंत कांस्यपदक मिळवून गेली.

अशा बायका होत्या, त्यांच्यासाठी स्पर्धा नव्हती. ती नसण्यामागे एक जुनी भीती होती. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला महिलांना पहिल्यांदा ऑलिंपिकच्या ॲथलेटिक्समध्ये घेतलं आणि ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीनंतर काही जणी दमून खाली बसल्या. वार्ताहरांनी त्याचं भयंकर चित्र रंगवलं: स्त्रियांचं शरीर हे सोसू शकत नाही, त्या कोसळल्या वगैरे. खरं तर अंतिम फेरीत धावलेल्या नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली होती. तरी महिलांची ८०० मीटर शर्यत ऑलिंपिकमधून काढली ती थेट १९६० पर्यंत. जिथे दोन फेऱ्या पळू देणं धोक्याचं वाटत होतं, तिथे दोन दिवस पाच खेळ कोण खेळू देणार?

ज्यांनी खेळू दिलं, त्या बायकाच होत्या. फ्रान्सच्या ॲलिस मिलिया यांनी १९२१ मध्ये महिलांचा आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघ उभा केला आणि १९२२ पासून दर चार वर्षांनी स्वतःच्या जागतिक स्पर्धा भरवल्या. त्यातल्या शेवटच्या, १९३४ च्या लंडनच्या स्पर्धेत पेंटॅथलॉन होती. ती जर्मनीच्या गिझेला माउअरमायरने जिंकली. तीच गिझेला दोन वर्षांनी बर्लिन ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीची विजेती ठरली. मिलियाबाईंचा महासंघ पुढे बंद पडला, महिलांच्या स्पर्धा पुरुषांच्या संघटनेकडे गेल्या आणि पेंटॅथलॉन जागतिक पातळीवरून हरवली. ब्रुसेल्सला ती परत आली, सोळा वर्षांनी.

याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. वांद्र्याच्या मेरी डिसूझाने तिथे २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, रिलेत रौप्य. मुंबईचीच रोशन मिस्त्री १०० मीटरमध्ये दुसरी आली. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला मेरी डिसूझा आणि बंगालची नीलिमा घोष या ऑलिंपिक ॲथलेटिक्समध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या. मेरी हॉकीही भारतासाठी खेळली. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत भारताच्या ज्या चौघींनी रिलेचं सुवर्ण जिंकलं, त्यांत मेरीबरोबर स्टेफी डिसूझा होती, तीही हॉकीपटू. हॉकीच्या मैदानावरून थेट धावपट्टीवर येणाऱ्या या मुलींच्या अंगात चौफेर खेळाचं बळ नक्कीच होतं. पण दिल्ली काय आणि मनिला काय, दोन्ही ठिकाणी महिलांची पेंटॅथलॉन नव्हती, त्यामुळे ते बळ मोजलंच गेलं नाही.

आता अलेक्सांद्रा चुडिनाकडे येऊ. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त ओढ तिच्याबद्दल वाटते.

चुडिना १९२३ चा जन्म असलेली रशियन खेळाडू. सोव्हिएत संघाने १९५२ मध्ये हेलसिंकीला पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये भाग घेतला. तिथे पेंटॅथलॉन नव्हतीच, म्हणून चुडिनाने तीन स्वतंत्र स्पर्धांत नाव दिलं. २३ जुलैला लांब उडी: न्यूझीलंडची इव्हेट विल्यम्स ६.२४ मीटरवर पहिली, चुडिना ६.१४ वर दुसरी. २४ जुलैला भालाफेक: चेकोस्लोव्हाकियाची डाना झाटोपकोव्हा ५०.४७ मीटर, चुडिना ५०.०१. अवघ्या ४६ सेंटिमीटरने रौप्य. २७ जुलैला उंच उडी: कांस्य. पाच दिवसांत तीन पदकं, आणि तिन्ही एकमेकांशी काही संबंध नसलेल्या खेळांत. लांब उडी वेगाची, उंच उडी लवचीकपणाची आणि भाला खांद्याच्या फटक्याचा. एवढ्यावर ती थांबली नाही. ऑगस्टमध्ये मॉस्कोला महिलांची पहिली जागतिक व्हॉलिबॉल अजिंक्यपद स्पर्धा झाली. सोव्हिएत संघ जिंकला आणि त्या संघात चुडिना होती. पुढे १९५६ आणि १९६० मध्येही जगज्जेत्या सोव्हिएत संघात ती खेळली.

उन्हाळ्यात धावपट्टीवर आणि एरवी व्हॉलिबॉलच्या जाळ्यापाशी, असं तिचं आयुष्य. हात वर करून चेंडू फटकावणारी बाई भालाही फेकणार, जाळ्यापाशी वारंवार उडी घेणारी बाई उंच उडीतही चमकणार, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. एकाच खेळाला लहानपणापासून जुंपण्याची आजची पद्धत पाहिली की चुडिनाची वाट अधिक निरोगी वाटते.

मे १९५४ मध्ये किएव्हला तिने १.७३ मीटर उंच उडी मारून जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नला युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत ती पेंटॅथलॉनमध्ये उतरली आणि ४,५२६ गुणांनी जिंकली. लांब उडीचं रौप्यही घेतलं. ब्रुसेल्सच्या ३,२०४ नंतर चार वर्षांत ४,५२६ हा आकडा पाहून कुणालाही वाटेल की खेळ एका उडीत कुठल्या कुठे गेला. तसं नव्हतं. मधल्या काळात गुण मोजण्याचं कोष्टकच बदललं होतं.

हे कोष्टक म्हणजे पेंटॅथलॉनचा खरा पंच. सेकंद, मीटर आणि सेंटिमीटर यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही, म्हणून प्रत्येक कामगिरीला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. पण उंच उडीतल्या तीन सेंटिमीटरना किती गुण आणि गोळ्याच्या एका मीटरला किती, हे कुणीतरी माणसाने बसून ठरवलेलं असतं. कोष्टक जरा इकडचं तिकडे झालं की धावणारी मागे पडते आणि फेकणारी पुढे जाते. १९५४ च्या नव्या कोष्टकात जुने विक्रम पुन्हा मोजले गेले. फॅनीने सप्टेंबर १९५१ मध्ये ॲमस्टरडॅमला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी केलेला पेंटॅथलॉनचा विक्रम नव्या मापाने ४,६९२ भरला. म्हणजे फॅनीला ही स्पर्धा किती जमली असती, याचं उत्तर तिने स्वतःच देऊन ठेवलं होतं. फक्त ते युरोपीय किंवा ऑलिंपिक व्यासपीठावर नव्हतं. तो विक्रम १९५३ मध्ये चुडिनानेच बुखारेस्टला ४,७०४ गुणांनी मोडला.

त्यानंतरची दहा वर्षं सोव्हिएत बायकांची. मुलांमुलींना शाळेपासूनच पळणं, उडी, फेक असं सगळं करून बिल्ले मिळवायला लावणाऱ्या त्या व्यवस्थेतून हरहुन्नरी खेळाडू निघणं स्वाभाविक होतं. १९५८ ला स्टॉकहोममध्ये आणि १९६२ ला बेलग्रेडमध्ये गालिना बिस्त्रोव्हा जिंकली. तिच्यामागोमाग इरिना प्रेस आली. इरिना खारकिव्हची. युद्धात वडील गेले, कुटुंबाला समरकंदला हलावं लागलं, तिथे ती आणि थोरली बहीण तामारा खेळू लागल्या आणि पुढे लेनिनग्राडला तयार झाल्या. तामारा गोळा आणि थाळी फेकायची, इरिना अडथळ्यांवर पळायची. रोम ऑलिंपिकमध्ये तिने ८० मीटर अडथळ्यांचं सुवर्ण जिंकलं. १९६१ मध्ये पेंटॅथलॉनमध्ये ५,००० गुणांचा टप्पा ओलांडणारी पहिली स्त्री तीच.

शेवटी १९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिकने पेंटॅथलॉन घेतली. पुरुषांच्या डेकॅथलॉननंतर बावन्न वर्षांनी. त्याच वर्षी महिलांची ४०० मीटर शर्यतही पहिल्यांदाच झाली आणि तीत आपली स्टेफी डिसूझा धावली.

टोकियोत इरिनाच्या समोर होती ब्रिटनची मेरी रँड. रोमला १९६० मध्ये लांब उडीच्या पात्रता फेरीत ती सर्वांत पुढे होती आणि अंतिम फेरीत पाऊल चुकत गेल्याने नववी आली होती. १९६२ मध्ये तिला मुलगी झाली आणि चारच महिन्यांनी बेलग्रेडला तिने लांब उडीचं कांस्यपदक घेतलं. टोकियोला १४ ऑक्टोबरला पाऊस होता, धावमार्ग भिजलेला होता, समोरून वारा होता, आणि अशात तिने ६.७६ मीटर उडी मारली. जागतिक विक्रम, आणि ऑलिंपिक ॲथलेटिक्समधलं ब्रिटिश स्त्रीचं पहिलं सुवर्ण. तिच्या वेल्स (Wells) या गावी, बाजारचौकात, ही लांबी फरसबंदीत आखून ठेवली आहे. चालत गेलं की ती किती लांब आहे ते कळतं.

दोनच दिवसांनी पेंटॅथलॉन सुरू झाली. खेळांचा क्रम आता बदलला होता: आधी अडथळे, मग गोळा आणि उंच उडी, दुसऱ्या दिवशी लांब उडी आणि २०० मीटर. अडथळ्यांत इरिना १०.७ सेकंद, मेरी १०.९. मग गोळा. इरिनाचा गोळा १७.१६ मीटरवर पडला, मेरीचा ११.०५ वर. सहा मीटरहून जास्त फरक. १७ मीटर ही नुसती पेंटॅथलॉनपटूची फेक नव्हती, गोळाफेकीच्या स्वतंत्र स्पर्धेतही ती मानाने मिरवली असती. उंच उडीत मेरी १.७२, इरिना १.६३. लांब उडीत मेरी ६.५५, इरिना ६.२४. २०० मीटरमध्ये मेरी २४.२, इरिना २४.७. पाचपैकी तीन खेळांत मेरी सरस ठरली. गोळा वगळून बाकीच्या चार खेळांची बेरीज केली तरी मेरीच पुढे. पण एकूण गुण इरिना ५,२४६, नवा जागतिक विक्रम, मेरी ५,०३५. बिस्त्रोव्हा ४,९५६ गुणांनी तिसरी.

ब्रिटनमध्ये अनेकांना हे अन्यायाचं वाटलं. मला तसं वाटत नाही. गोळा हा पाचांतला एक खेळ होता, इरिनाने तो शिकून घेतला आणि मेरीला तो जमला नाही. पेंटॅथलॉन अशीच असते. ज्या खेळात आपण कच्चे, तिथेच ती आपल्याला गाठते.

इरिनाबद्दल पुढे जे बोललं गेलं ते मात्र अन्यायाचंच होतं. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेपासून महिला खेळाडूंची स्त्रीत्वाची तपासणी सुरू झाली. पहिल्या तपासणीत खेळाडूंना डॉक्टरांसमोर विवस्त्र उभं केलं गेलं. प्रेस भगिनी त्या स्पर्धेला आल्या नाहीत आणि पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी त्यावरून हवे ते निष्कर्ष काढले. त्यांच्याविरुद्ध कसलाही पुरावा कधीच पुढे आला नाही. बळकट खांद्यांच्या स्त्रीकडे संशयाने पाहणाऱ्या त्या काळाची खरी लाज त्या तपासणीत आहे, इरिनाच्या सतरा मीटरच्या गोळ्यात नाही.

टोकियोत चौथी आली होती बेलफास्टची मेरी पीटर्स. तिने आठ वर्षं वाट पाहिली. १९७२ मध्ये म्युनिकला, तेहतिसाव्या वर्षी, तिने ४,८०१ गुणांनी पेंटॅथलॉन जिंकली. घरच्या प्रेक्षकांसमोर पळणारी पश्चिम जर्मनीची हाइडे रोझेन्डाल अवघ्या दहा गुणांनी मागे राहिली.

त्यानंतर स्पर्धेचं रूप पुन्हा बदलत गेलं. २०० मीटरच्या जागी ८०० मीटर आली. ज्या अंतराने १९२८ मध्ये एवढी भीती पसरवली होती, तेच आता हरहुन्नरी बायकांच्या परीक्षेत घातलं गेलं. १९८१ पासून खुल्या मैदानावरची पेंटॅथलॉन संपली आणि सात खेळांची हेप्टॅथलॉन आली. तिच्यात २०० मीटरही परतली आणि तिच्याबरोबर भालाही.

भाला पूर्वीही होता. १९४९ आधीच्या नियमांत तो पाच खेळांतला एक होता. त्या वर्षी काढला गेला आणि बत्तीस वर्षांनी परत आला. चुडिनाची ऐन उमेदीची सगळी वर्षं या मधल्या काळात गेली. हेलसिंकीला पन्नास मीटरच्या पुढे भाला टाकणारी, त्याच आठवड्यात दोन्ही उड्यांत पदकं घेणारी ही बाई तिच्या सर्वांत भक्कम खेळांपैकी एक बाजूला ठेवून बर्नला युरोपची अजिंक्यवीर झाली होती. भाला धरून तिचे गुण किती झाले असते, याचा हिशेब १९५४ मध्ये कुणी मांडला नाही. मला विचाराल तर त्या पिढीतली सर्वांत हरहुन्नरी खेळाडू म्हणून फॅनीच्या शेजारी मी चुडिनालाच बसवीन.